लोकसहभागी वनीकरणातील संयुक्त संशोधन : मूल्यमापनाच्या काही कसोट्या

वृक्षारोपणाचा सोहळा हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा एक नित्याचा भाग झाला आहे. पावसाळा सुरू झाला की पाहुणे येतात, आधीच खणून ठेवलेल्या खड्ड्यात रोप उभे राहते, आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात रोपांची संख्या छापून येते. महाराष्ट्रात १ जुलै २०१६ रोजी एकाच दिवसात २ कोटी रोपे लावण्याचा संकल्प झाला. त्यापुढील तीन वर्षांसाठी अनुक्रमे ४ कोटी, १३ कोटी आणि ३३ कोटी, म्हणजे एकूण ५० कोटी रोपांचे उद्दिष्ट ठरले. ही संख्या लावावयाच्या रोपांची आहे. त्यांपैकी किती जगतात, कोणाच्या कुरणावर ती लागतात आणि मोठी झाल्यावर कोणाच्या उपयोगी पडतात, हे प्रश्न त्या संख्येच्या पोटात शिरून विचारावे लागतात.

हे प्रश्न विचारण्याचे काम संशोधनाचे. अलीकडे वनीकरणाच्या क्षेत्रात एकट्या शास्त्रज्ञाने संशोधन करण्याऐवजी शास्त्रज्ञ, वनखाते, स्वयंसेवी संस्था आणि प्रत्यक्ष त्या रानावर जगणारे गावकरी यांनी मिळून ते करावे, असा विचार रुजला आहे. यालाच आपण येथे संयुक्त संशोधन म्हणू. कल्पना चांगली आहे. परंतु ‘लोकांच्या सहभागाने’ हे शब्द अहवालाच्या मुखपृष्ठावर छापणे सोपे असते. सहभाग खरा होता की नावापुरता, आणि त्यातून निघालेले ज्ञान भरवशाचे आहे की नाही, हे ओळखावे कसे? आपल्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थी राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून वा प्रकल्पलेखनाच्या निमित्ताने गावोगावच्या रोपवनांत जातात, माहिती गोळा करतात आणि अहवाल लिहितात. म्हणून हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा नाही, आपलाही आहे. प्रस्तुत लेखात प्रत्यक्ष घडलेल्या काही उदाहरणांच्या आधारे मूल्यमापनाच्या कसोट्या शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

मोजणी खरी आहे का?

सहभागाची चर्चा करण्यापूर्वी साध्या मोजणीचा विचार केला पाहिजे. कारण आकडाच फसवा असेल तर तो कितीही लोकांनी मिळून काढला तरी फसवाच राहतो.

एक उदाहरण कल्पू. एका टेकडीवर पहिल्या पावसाळ्यात १,००० रोपे लावली. वर्षभरात त्यांतील ४०० मेली. दुसऱ्या पावसाळ्यात तितकीच नवी रोपे लावून नांग्या भरल्या. तिसऱ्या वर्षी पाहणी झाली तेव्हा ७०० रोपे जिवंत आढळली. अहवालात लिहिले जाईल : ‘जगण्याचे प्रमाण ७० टक्के.’ परंतु प्रत्यक्षात लावलेली रोपे १,४०० होती. तेव्हा खरे प्रमाण ५० टक्केच झाले. शिवाय मूळच्या हजारांपैकी किती उरली, हे रोपांवर खूण केलेली नसेल तर सांगताच येत नाही. मोजणी कोणत्या महिन्यात झाली यावरही बरेच अवलंबून असते. ऑक्टोबरात हिरवे दिसणारे रोप मे महिन्यातही हिरवे असेलच असे नाही. म्हणून मूल्यमापन करणाऱ्याने तीन गोष्टी आधी विचाराव्यात : एकूण किती रोपे लावली, नांग्या किती भरल्या, आणि मोजणी कोणत्या ऋतूत झाली?

दुसरी अडचण तुलनेची. समजा, शेजारच्या टेकडीवर एकही रोप लावले नाही, मात्र तेथे गुरे सोडणे आणि कुऱ्हाड चालविणे गावाने बंद केले. काही वर्षांत जुन्या खुंटांना धुमारे फुटून तेथेही तितकीच झाडे उभी राहिली. मग पहिल्या टेकडीवरील यशाचे श्रेय रोपांना द्यायचे की राखणीला? ही शंका काल्पनिक नाही. पश्चिम बंगालमधील आराबारी येथे १९७० च्या दशकाच्या आरंभी अजितकुमार बॅनर्जी या वनाधिकाऱ्यांनी ११ गावांतील ६१८ कुटुंबांबरोबर एक प्रयोग केला. सुमारे १,२७२ हेक्टर उजाड सालवन राखण्याचे काम गावकऱ्यांनी पत्करले. बदल्यात त्यांना रोजगार, गौण वनोपज आणि पुढे इमारती लाकडाच्या उत्पन्नातील २५ टक्के वाटा देण्याचे ठरले. तेथील साल मुख्यतः जमिनीत जिवंत राहिलेल्या जुन्या मुळांतून पुन्हा वर आला. राखण नसती तर तो दर वर्षी तुटत राहिला असता. १९९० मध्ये केंद्र सरकारने संयुक्त वनव्यवस्थापनाचे धोरण स्वीकारले, त्यामागे या प्रयोगाची प्रेरणा होती.

याच्या उलट बाजूचे उदाहरण हिमाचल प्रदेशातील कांग्रा जिल्ह्याचे. तेथे अनेक दशके सरकारी वृक्षारोपण झाले. उपग्रहांनी टिपलेली चित्रे आणि घरोघरच्या पाहण्या यांची सांगड घालून केलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वृक्षारोपणामुळे वनाच्या आच्छादनात म्हणण्यासारखी भर पडली नाही, आणि लोकांना जळणासाठी व चाऱ्यासाठी हवी असलेली झाडेही त्यामुळे वाढली नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. रोपे लावल्याच्या नोंदी मात्र कागदोपत्री होत्या. लावलेल्या रोपांची बेरीज आणि वनाची वाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

गावकऱ्याचे ज्ञान : प्रमाण की पूर्वग्रह?

संयुक्त संशोधनाविषयी विद्वानांत दोन टोकाची मते आढळतात. एका पक्षाला वाटते की गावकरी सांगतो ते अनुभवाचे बोल, ते जसेच्या तसे स्वीकारावे. दुसऱ्या पक्षाला वाटते की अशा सांगण्याला शास्त्रात स्थान नाही. या वादात एक उदाहरण फार उद्बोधक आहे.

१९७५ च्या सुमारास कर्नाटकात कागद गिरण्यांना पुरविला जाणारा बांबू झपाट्याने कमी होऊ लागला होता. कारण शोधण्याचे काम माधव गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे आले. गावकऱ्यांची गुरे आणि त्यांची तोड यांनीच बांबूचा नाश झाला, असा अधिकाऱ्यांचा समज होता. काटेरी बांबूच्या बेटाच्या बुडाशी फांद्यांचे व काट्यांचे दाट जाळे असते. ते साफ केले की बेट मोकळे होऊन बांबू जोमाने वाढतो, असे वनशास्त्राचे तत्कालीन सूत्र होते, आणि त्यानुसार बेटांची साफसफाई होत असे. गावकऱ्यांचे म्हणणे नेमके उलट होते. ते काटे म्हणजे नव्या कोंबांचे कुंपण आहे. ते काढले की कोवळे कोंब जनावरे खाऊन टाकतात, असे ते सांगत. गाडगीळांनी हे म्हणणे मान्यही केले नाही आणि उडवूनही लावले नाही. त्यांनी ते तपासले. साफ केलेल्या आणि न केलेल्या बेटांतील कोंबांची पाहणी केली, तेव्हा गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले.

या प्रसंगापासून दोन धडे घेता येतात. गावकऱ्याचे विधान हे संशोधनाच्या भाषेत एक गृहीतक असते. त्याचा सन्मान करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे ते कसोटीस लावणे. दुसरा धडा असा की तज्ज्ञाचे सूत्र हेही गृहीतकच असते आणि त्यालाही तीच कसोटी लागू आहे. एखादे संयुक्त संशोधन तपासताना आपण विचारावे : स्थानिकांनी सांगितलेली एखादी गोष्ट येथे खरोखर तपासली गेली काय? आणि तिच्यामुळे संशोधकाचे मत एकदा तरी बदलले काय? शेकडो मुलाखती घेऊनही संशोधकाचे मत जर आरंभी होते तसेच अखेरीस राहिले असेल, तर त्या मुलाखती बहुधा शोभेपुरत्या झाल्या असाव्यात.

प्रश्न कोणाचा आणि झीज कोणाची?

आता हरियाणातील सुखोमाजरीकडे वळू. हे शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याचे लहानसे गाव. चंडीगड शहरासाठी १९५८ मध्ये सुखना तलाव बांधण्यात आला. तो गाळाने भराभर भरू लागला. केंद्रीय मृद व जल संधारण संशोधन संस्थेच्या चंडीगड केंद्रातील शास्त्रज्ञ पी. आर. मिश्रा आणि त्यांचे सहकारी गाळाचा माग काढीत १९७० च्या दशकात सुखोमाजरीच्या उघड्याबोडक्या टेकड्यांपर्यंत पोचले. तेथे झाडे लावणे, बांध घालणे आणि चराई थांबविणे हा शास्त्राला ठाऊक असलेला उपाय होता.

परंतु गाळ हा प्रश्न चंडीगडचा होता. सुखोमाजरीचा प्रश्न वेगळा होता : पावसावर अवलंबून असलेले एक पीक, तेही बेभरवशाचे, आणि म्हणून पोटासाठी शेळ्या-गुरे पाळणे भाग. शहराचा तलाव वाचावा म्हणून गावाने शेळ्या का विकाव्यात, याला शास्त्रज्ञांजवळ उत्तर नव्हते. १९७६ मध्ये तेथे मातीचा एक लहान बंधारा झाला. त्यात साठलेले पाणी शेतीला देता येते आणि त्याने सुकत चाललेले पीक वाचते, हे गावाने पाहिले, तेव्हा चित्र पालटू लागले. टेकडीवर चराई चालू राहिली तर बंधारा गाळाने भरेल आणि पाणी जाईल, हे आता प्रत्येकाला दिसत होते. तलावाच्या राखणीत गावाचा स्वार्थ नव्हता. बंधाऱ्याच्या राखणीत होता.

तरीही एक अडचण उरली, आणि ती या साऱ्या विषयाच्या गाभ्याशी आहे. पाणी मिळणार होते ते जमीनवाल्यांना. शेळ्या सोडाव्या लागणार होत्या त्या प्रामुख्याने भूमिहीनांना. लाभ एकाला आणि झीज दुसऱ्याला अशी विभागणी झाल्यास राखण टिकणार कशी? यावर असा तोडगा निघाला की बंधाऱ्यातील पाण्यावर प्रत्येक कुटुंबाचा सारखा हक्क राहील, मग त्याला जमीन असो वा नसो. ज्याला पाणी नको असेल त्याने आपला वाटा दुसऱ्यास द्यावा वा विकावा. त्यानंतर टेकड्यांभोवती तारेचे कुंपण घालण्याची गरज राहिली नाही. गावाची शिस्त हेच कुंपण झाले. टेकड्यांवर गवत आणि झाडे परतली आणि सुखना तलावात येणारा गाळ सुमारे ९० टक्क्यांनी घटला.

येथे शास्त्रज्ञांची हुशारी बांधाच्या आराखड्यात होती, त्याहून अधिक ती गावाच्या प्रश्नाला आपल्या संशोधनाचा प्रश्न मानण्यात होती. म्हणून मूल्यमापनाचा महत्त्वाचा प्रश्न असा : संशोधनाचा मूळ प्रश्न कोणी ठरविला, आणि प्रयोग चालू असताना झीज कोणी सोसली? बंद केलेल्या कुरणाचा प्रत्येक हेक्टर कोणाच्या तरी जनावराच्या तोंडचा घास असतो. महाराष्ट्रातील रोपवनांत हा प्रश्न मेंढपाळांच्या बाबतीत विशेष तीव्र आहे. वर्षातून काही महिनेच गावाच्या शिवारात येणारा धनगर ग्रामसभेत बसलेला नसतो. सभेचा ठराव एकमताने झाला असे इतिवृत्त सांगते. पण ज्याची वाट बंद झाली त्याचे मत त्या एकमतात धरलेलेच नसते. जळणासाठी आणखी एक टेकडी ओलांडावी लागणाऱ्या स्त्रीचेही तसेच. ‘गाव’ ही एकजिनसी वस्तू नव्हे. ‘गावाने मान्यता दिली’ असे वाक्य अहवालात आले की गावातील कोणी, असे विचारण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

सुखोमाजरीची कथा येथेच संपत नाही. पुढील काळात बंधारे गाळाने भरत गेले, गवताच्या विक्रीचे उत्पन्न घटले, आणि सामाईक पाण्यावरचे अवलंबित्व कमी झाले तशी ती घडी सैल होत गेली. १९८० च्या दशकात केलेले मूल्यमापन आणि वीस-पंचवीस वर्षांनी केलेले मूल्यमापन एकसारखे येणार नाही. यावरून प्रयोग फसला असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. ज्या लाभाच्या बळावर राखण उभी होती तो लाभ आटला की राखणही ढासळते, ही त्या प्रयोगाने दिलेली आणखी एक माहितीच आहे. परंतु ती माहिती प्रकल्पाची मुदत संपताच निघून जाणाऱ्या संशोधकाच्या हाती कधीच लागत नाही. झाड वाढावयास वीस वर्षे लागतात; अनुदान मात्र बहुधा तीन वर्षांचे असते.

संशोधक गेल्यावर काय उरते?

आपल्या गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यात, मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेमुळे ते सर्वदूर परिचित झाले. १९८० च्या दशकात वनांच्या राखणीत लोकांचा सहभाग कसा असतो, याचा अभ्यास करीत ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल या गावाशी जोडले गेले. देवाजी तोफा हे गावातील प्रमुख कार्यकर्ते. यांच्या सहवासातून जी रीत तेथे रुजली ती आपल्या विषयाच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची आहे. तिचे नाव अभ्यासगट.

अभ्यासगट म्हणजे एखाद्या प्रश्नावर माहिती गोळा करण्यासाठी आणि तिची चर्चा करण्यासाठी जमलेले लोक. त्यात बाहेरच्या जाणकारालाही येता येते, बोलता येते. मात्र अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभा घेते, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. जंगलाचा वापर, कायद्याच्या तरतुदी, मधमाश्यांचा नाश न करता मध कसा काढावा, असे कितीतरी विषय या रीतीने अभ्यासिले गेले. ज्ञान आणि सत्ता यांची ही विभागणी विचार करण्यासारखी आहे. बाहेरच्या तज्ज्ञाचे ज्ञान गावाला हवे आहे. त्याचा हुकूम नको आहे. तज्ज्ञालाही यात अपमान वाटण्याचे कारण नाही, कारण त्याचे म्हणणे ऐकून, तपासून मगच स्वीकारले वा नाकारले जाते.

या अभ्यासाचे मोल पुढे दिसले. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. त्यानुसार २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या अगदी पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. अशा दाव्यासाठी जंगलाच्या हद्दी, वापराच्या पूर्वापार पद्धती, कायद्याची कलमे यांची माहिती लागते. ज्या गावाला वर्षानुवर्षे अभ्यासाची सवय आहे त्याला ती माहिती उसनी आणावी लागत नाही. संशोधनाचे खरे फलित कोणते, असे कोणी विचारल्यास हेच उत्तर द्यावे लागेल : पुढचा प्रश्न आपला आपण सोडविण्याची गावाची वाढलेली शक्ती.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

वरील विवेचनातून पाच प्रश्न हाती येतात. मोजणी खरी आणि तुलनात्मक आहे काय? स्थानिक ज्ञान आणि तज्ज्ञाचे ज्ञान या दोहोंची तपासणी झाली काय? संशोधनाचा प्रश्न कोणी ठरविला? झीज कोणी सोसली आणि लाभ कोणाला झाला? संशोधक निघून गेल्यावर गावात काय उरले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत देता येते. शेवटच्याचे देता येत नाही. म्हणून पहिल्यावरच थांबण्याचा मोह फार होतो.

आपल्या शिबिरांत हे सहज करून पाहता येईल. रोपवनात १० मीटर लांब व १० मीटर रुंद असे काही चौकोन आखावेत. चौकोनांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात, म्हणजे रस्त्याकडेचा हिरवा भाग तेवढा निवडला जाणार नाही. तितकेच चौकोन शेजारच्या, रोपे न लावलेल्या जमिनीवर आखावेत. प्रत्येक चौकोनातील झाडे एकदा विद्यार्थ्यांनी आणि एकदा गावातील गुराख्यांनी वा स्त्रियांनी स्वतंत्रपणे मोजावीत, आणि झाडांची नावे ते सांगतील तशीच लिहावीत. दोन मोजण्यांत फरक पडला तर लाजू नये. विद्यार्थ्याला जे तण वाटले ते गुराख्याला चाऱ्याचे झुडूप वाटले असेल, आणि तो फरकच टिपून ठेवण्याजोगा आहे. जळणाची मोळी आणावयास पूर्वी किती लांब जावे लागे आणि आता किती, हे स्त्रियांना विचारावे आणि एखाद्या दिवशी त्यांच्याबरोबर तेवढे अंतर चालावे.

कोणी म्हणेल की यात वेळ फार जातो आणि गावकरी आपल्या सोयीचे तेच सांगतात. वेळ जातो, हे खरे. सोयीचे सांगण्याचा दोष मात्र गावकऱ्यांपुरता नाही. अनुदान मिळविणारी संस्था, उद्दिष्ट गाठावयाचे असलेले खाते आणि गुण हवे असलेला विद्यार्थी, हे सारेच त्याला बळी पडू शकतात. म्हणूनच एकाची मोजणी दुसऱ्याने तपासावी लागते. संयुक्त संशोधनाचे शास्त्रीय समर्थन याच ठिकाणी आहे.

अखेरची सूचना लहान आहे. अहवाल लिहून झाला की तो प्राध्यापकांच्या टेबलावर ठेवण्याआधी गावात न्यावा, चावडीवर किंवा देवळाच्या पारावर बसून गावाच्या बोलीत वाचून दाखवावा, आणि लोक जी दुरुस्ती सुचवतील ती त्यात नोंदवावी. एक प्रत शाळेत वा ग्रामपंचायतीत ठेवावी. त्यात चौकोनांच्या जागा आणि मोजणीची तारीख स्वच्छ लिहिलेली असावी. म्हणजे पाच वर्षांनी दुसरे विद्यार्थी आले, किंवा कोणीही आले नाही, तरी गावातील एखादी मुलगी ती वही घेऊन त्याच चौकोनात उभी राहील आणि पुन्हा मोजू शकेल.